नांदूर मध्यमेश्वर : हिवाळ्याच्या तोंडी जाणार असाल, तर आधी पाण्याची चौकशी करा

गोदातीर

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे या मंचावर नाशिक जिल्ह्यातल्या या पाणपक्षी अभयारण्याविषयी "नांदूर मध्यमेश्वरला पक्षी आले का?" अशी विचारणा सुरू होते आणि तिला "आले" किंवा "अजून नाहीत" अशी त्रोटक उत्तरे मिळतात. दोन्ही उत्तरे बहुधा खरी असतात, कारण एकाच आठवड्यात दोघे जाऊन आले, तरी त्यांनी पाहिलेले पाणी निराळे असू शकते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत या जागी काय दिसेल, हे उत्तरेकडून किती पक्षी पोहोचले यापेक्षा बंधाऱ्यामागचे पाणी किती उतरले यावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे. त्याची कारणे सविस्तर मांडावीत आणि इतरांचे अनुभव समजून घ्यावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ निफाड तालुक्यात इंग्रजांच्या काळात हा बंधारा बांधला गेला. पक्ष्यांचा विचार त्यामागे अर्थातच नव्हता. पर्जन्यछायेतल्या कोरडवाहू मुलखाला पाणी द्यावे, एवढाच हेतू होता आणि गोदावरीचे डावा व उजवा हे दोन्ही कालवे आजही येथूनच निघतात. पुढे दर पावसाळ्यात नदीने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साठत गेला, पात्र उथळ झाले, मधे बेटे तयार झाली, कडेला पाणकणीस आणि लव्हाळे माजले. धरण म्हणून जी उणीव, तीच पाणपक्ष्यांच्या पथ्यावर पडली. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून या जागेचे नाव जाहीर झाले; त्या यादीत नोंदलेले क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे.

आता पाण्याच्या खोलीविषयी. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक ही सारी बदके बुडी मारून खाणारी नव्हेत. ती पृष्ठभागावर चोच फिरवतात किंवा शेपटी वर करून डोके पाण्यात घालतात, त्यामुळे त्यांची पोहोच हातभर खोलीपलीकडे फारशी जात नाही. शेकाट्याला त्याच्या लांब पायांच्या बेतानेच पाणी हवे असते आणि तुतवारांसारख्या छोट्या चिखलपक्ष्यांना तर नुकताच उघडा पडलेला, अजून ओला असलेला काठच लागतो. पाणी दोन वीत वर असले, तर हा सगळा काठ पाण्याखाली राहतो आणि निरीक्षण मनोऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला चकाकणाऱ्या पाण्याखेरीज काही दिसत नाही. तेच पाणी आठवडाभरात उतरले, तर त्याच मनोऱ्यावरून दृश्य पालटलेले असते. पक्षी तेव्हा उत्तरेकडूनच येतात असे नाही. पुष्कळसे आसपासच्या तळ्यांवरून, शेततळ्यांवरून आणि नदीच्या वरच्या भागातून येथे सरकतात.

हे पाणी निसर्गक्रमाने संथपणे उतरत गेले असते, तर अंदाज बांधणे सोपे होते. परंतु गंगापूर, दारणा, पालखेड अशा वरच्या धरणांतून सुटलेले पाणी खालच्या जायकवाडी धरणाकडे जाताना येथूनच पुढे जाते. समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानुसार १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा साठा तपासला जातो आणि तो ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. २०२३ मध्ये साडेआठ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, म्हणजे ऐन पक्ष्यांच्या हंगामात, नदीला पाणी आले. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी हा प्रश्न उद्भवत नाही, पण तेव्हा बंधाराच उशिरापर्यंत भरलेला असतो. थोडक्यात, पंचांग पाहून येथे जाता येत नाही.

येण्याच्या क्रमाबद्दल ढोबळमानाने एवढे म्हणता येईल की धोबी पक्षी आणि भुवई बदके पावसाळा सरता सरताच दिसू लागतात, थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक ऑक्टोबरपासून वाढत जातात आणि पट्टकदंब हे हंसजातीचे पाहुणे मात्र थंडी चांगली पडल्यावर येतात. ज्यांना केवळ पट्टकदंब आणि क्रौंच पाहायचे आहेत, त्यांनी आत्ता न गेलेलेच बरे.

नवखी_निरीक्षक

लेख अतिशय उपयुक्त आहे. माझा प्रश्न थोडा प्राथमिक आहे, त्याबद्दल सांभाळून घ्यावे. आम्ही गेल्या आठवड्यात चापडगावच्या बाजूने गेलो होतो. बदके पुष्कळ होती, परंतु सगळीच तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची आणि एकसारखी दिसत होती. चित्रांमध्ये थापट्याचे हिरवे डोके आणि तलवार बदकाची चॉकलेटी मान पाहून गेलो होतो. तसे एकही दिसले नाही. माद्या आधी येतात आणि नर मागाहून, असे काही आहे का?

टेहळणी

नवखी_निरीक्षक, प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीच्या पक्षीनिरीक्षणातली खरी अडचण हीच आहे. आपण पाहिलेल्या थव्यात नर निश्चित असणार. ते अजून साध्या पिसाऱ्यात आहेत, एवढेच.

विणीचा हंगाम संपला की बदके पंखांची उड्डाणपिसे एकदम गाळतात. इतर बहुतेक पक्षी ती दोन-दोन, चार-चार करून बदलतात, त्यामुळे त्यांचे उडणे थांबत नाही. बदकांना मात्र तीन-चार आठवडे उडताच येत नाही. अशा काळात झळाळते रंग अंगावर असणे म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण देणे होय. म्हणून नर त्या सुमारास मादीसारखा मातकट पिसारा धारण करतात. उड्डाणपिसे पुन्हा आली की ते दक्षिणेकडे निघतात, पण अंगावरचा मातकट वेश लगेच उतरत नाही. आपल्याकडे पोहोचल्यानंतर, येथील पाण्यावरच, हळूहळू रंग भरतात आणि जोड्याही हिवाळ्यातच जमू लागतात. तलवार बदकाचा नर तुलनेने लवकर ओळखू येऊ लागतो, थापट्याला फार वेळ लागतो आणि भुवई बदकाची ती सुप्रसिद्ध पांढरी भुवई तर पुष्कळदा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत नीट दिसत नाही.

म्हणून या दिवसांत रंगांच्या मागे न लागता आकृती पाहावी. थापट्या त्याच्या फावड्यासारख्या रुंद चोचीमुळे कोणत्याही पिसाऱ्यात लपत नाही. शिवाय तो पाण्यावर बुटका, पुढे झुकलेला दिसतो. तलवार बदकाची मान लांब व सडपातळ, चोच करडी आणि मागची बाजू टोकदार असते. चक्रांग आकाराने सर्वांत लहान असते. एवढ्यावर भागले नाही, तर थवा उडेपर्यंत थांबावे, कारण पंखांवरच्या खुणा या काळातही कायम असतात. थापट्या आणि भुवई बदकाच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर-करडा असतो, चक्रांगाच्या पंखावर हिरवा चमकता पट्टा असतो आणि गडवाल बदकाच्या पंखावर आतल्या बाजूला पांढरा चौकोन दिसतो.

थवा मुद्दाम उडवू नये, हे सांगण्याची गरज नसावी. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून कमी उंचीवर उडत येतो तेव्हा तो हे काम आपणहून करतो आणि तेही सकाळभरात अनेकदा. भोवत्या दिसला की दुर्बीण त्याच्यावर न ठेवता त्याच्या पुढच्या पाण्यावर ठेवावी, असा माझा सल्ला आहे.

भीमाकाठ

गोदातीर यांच्या मूळ मुद्द्याला भीमेवरच्या उजनी धरणाकडून दुजोरा देतो. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला लोक दिवाळीच्या सुट्टीतच येऊन धडकतात आणि निराश होऊन परततात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी दिवाळीत उजनी काठोकाठ असते. रोहित उंच असला तरी त्यालाही पाय टेकून, डोके उलटे बुडवून चिखल गाळायचा असतो, आणि एवढ्या खोल पाण्यात ते शक्य होत नाही. रब्बीची आवर्तने (कालव्यांतून शेतीला दिल्या जाणाऱ्या पाण्याच्या पाळ्या) सुटून पाणी हटू लागले की जानेवारीपासून पुढे तेथे खरी गर्दी होते. तेथे मासेमार बांधव होडीतून नेतात, त्यामुळे पाणी वाढले तरी पर्यटकाचे काही अडत नाही, पक्ष्याचे अडते.

मात्र एका बाबतीत मी असहमत आहे. प्रथमच जाणाऱ्या माणसाला नोव्हेंबरात पाठवू नये. मातकट बदके, गढूळ पाणी आणि वाढलेले गवत पाहून तो पुन्हा फिरकत नाही. त्याला जानेवारीत न्यावे, पट्टकदंबांचा थवा दाखवावा, हा पक्षी मंगोलिया-तिबेटच्या बाजूने हिमालय ओलांडून येतो आणि यंत्र लावलेल्या एका पक्ष्याची उंची सुमारे ७,२९० मीटर नोंदली गेली आहे, हे त्याला सांगावे. मग तो जन्मभर पक्षी पाहील. सुरुवातीच्या हिवाळ्याची गोडी कळायला आधी पूर्ण हिवाळा पाहिलेला असावा लागतो.

गोदातीर

भीमाकाठ, आपल्या आक्षेपात तथ्य आहे, पण तो बदकांपुरता खरा आहे. नोव्हेंबरात जे दिसते ते जानेवारीत दिसत नाही, अशीही बाजू आहे. कमळपक्ष्याचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात त्याची लांब काळी शेपटी आणि सोनेरी मान असते. हिवाळ्यात शेपटी गळून तो तपकिरी-पांढरा होतो. आत्ता या दोन्हींच्या मधल्या अवस्थेतले पक्षी दिसतात, आणि त्यांच्यासोबत यंदाची पिल्लेही. या पक्ष्यात अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे ही कामे नर करतो, हे नवख्या माणसाला सांगितले तर त्याचे कुतूहल पट्टकदंबाइतकेच जागे होते. शिवाय जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, टिबुकल्या, चमचे, शराटी, मुग्धबलाक ही मंडळी आहेतच. त्यांतल्या बहुतेकांना ओळखायला पिसाऱ्याची अडचण येत नाही.

आणखी एक गोष्ट. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात २०२० पासून अधिकृतपणे साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस. शाळांच्या सहली त्याच आठवड्यात निघतात. म्हणजे आपली इच्छा असो वा नसो, पुष्कळ मुलांची पहिली भेट नोव्हेंबरातच घडणार आहे. त्यांना जानेवारीची चित्रे दाखवून नेण्यापेक्षा नोव्हेंबरात काय पाहायचे ते आधी सांगणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

चांदोरीकर

मी या पाण्याच्या वरच्या अंगाला राहतो आणि माझी द्राक्षबाग आहे. आपण सर्वांनी गाळाचे जे कौतुक केले आहे, त्याला दुसरी बाजू आहे आणि ती येथे नोंदवणे आवश्यक वाटते. मोठा पूर आला की चांदोरी आणि सायखेडा येथे बाजारपेठेत, घरांत पाणी शिरते. खाली बंधाऱ्यात गाळ साठल्यामुळे पाण्याला फुगवटा येतो, अशी या भागातल्या लोकांची तक्रार आहे आणि गाळ काढावा, ही मागणीही जुनीच आहे. पाहुण्या बदकाला हातभर पाणी मिळावे म्हणून आमच्या ओट्यावर कमरेइतके पाणी यावे, असे कोणी म्हणत नाही हे मला ठाऊक आहे. पण चर्चा वाचताना तसे वाटू शकते.

दुसरे असे की आपण येता त्याच दिवसांत आमची ऑक्टोबर छाटणी झालेली असते, नवी फूट आणि घड बाहेर पडत असतात आणि फवारणीचे ट्रॅक्टर पहाटेपासून फिरत असतात. शेतरस्ते अरुंद आहेत. वाहन आडवे लावून माणसे दुर्बीण घेऊन निघून जातात आणि फवारणीची वेळ टळते. दव असताना एक दिवस चुकला तर डाऊनी हा बुरशीचा रोग किती पसरतो, हे द्राक्षवाल्यालाच विचारावे. पक्ष्यांबद्दल आम्हाला राग नाही.

गोदातीर

चांदोरीकर, आपले म्हणणे रास्त आहे. ही जागा माणसांनी शेतीसाठी तयार केली आहे आणि तिच्याभोवती माणसे राहतात, हे विसरून तिच्याविषयी बोलता येत नाही. गाळाबाबत माझी भूमिका "हात लावू नये" अशी नाही. मुख्य प्रवाह मोकळा करणे आणि कडेची उथळ पाणथळ व बेटे खरवडून काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने पुराचे पाणी लवकर वाहून जाईल, दुसरीने पक्षी जातील. यंत्रे एकदा पात्रात उतरली की हा भेद पाळला जातो का, हीच काय ती शंका आहे. त्यासाठी कोणता भाग सोडायचा, हे आधी नकाशावर ठरले पाहिजे आणि ते ठरवताना चांदोरी-सायखेड्याचे लोकही हजर असले पाहिजेत.

वाहनांबाबत दुमत होण्याचे कारणच नाही. वाहने गावात किंवा वनविभागाने नेमून दिलेल्या ठिकाणी ठेवावीत आणि पुढे चालत जावे.

करमळी

गोव्याहून एक छोटी भर घालते. आमच्याकडे कुडचडे येथील नंदा तळे २०२२ मध्ये रामसर यादीत आले, ते ४२ हेक्टरांचे म्हणजे नांदूरच्या तुलनेत अगदीच लहान आहे. परंतु तेथेही पावसाळा संपल्यावर पाणी अडवायचे आणि त्यावर खालच्या बाजूची भातशेती करायची, अशी व्यवस्था आहे. तळ्याची पातळी शेतीच्या गरजेने ठरते आणि पक्षी त्या पातळीशी जुळवून घेतात. म्हणून गोदातीर यांचा मुद्दा मला एका बंधाऱ्यापुरता वाटत नाही. जलपर्णीविषयी मात्र कोणीच काही लिहिले नाही, याचे नवल वाटले.

टेहळणी

करमळी, योग्य ठिकाणी बोट ठेवलेत. रामसर नोंदीतही या जागेला असलेल्या धोक्यांत जलपर्णीचा उल्लेख आहे. वरच्या बाजूने येणारे सांडपाणी आणि शेतातली खते यांवर ती पोसते. पावसाळ्यातल्या मोठ्या विसर्गाने तिचे ताटवे खाली वाहून जातात. विसर्ग बेताचा झाला तर त्या हिवाळ्यात ती पाणी व्यापून टाकते. कमळपक्षी आणि पाणकोंबड्या तिच्यावर सुखाने चालतात, त्यामुळे छायाचित्रांत ती हिरवीगार आणि निरुपद्रवी दिसते. बदकांना मात्र मोकळे पाणी हवे असते, आणि दाट थराखाली उजेड व प्राणवायू कमी झाला की मासे आणि पाणवनस्पतींचेही हाल होतात. तेव्हा "बदके कमी आली" असे लिहिताना मोकळे पाणी किती उरले होते, हेही लिहायला हवे.

याच अनुषंगाने एक विनंती आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, त्यामुळे जानेवारीच्या नोंदी वर्षानुवर्षे ताडून पाहता येतात. हिवाळ्याच्या सुरुवातीच्या नोंदी त्या मानाने विस्कळीत आहेत. आपण याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवतोच; त्यासोबतच्या टिपणात पाण्याची स्थिती दोन ओळींत लिहावी. बेटे उघडी होती की बुडालेली, काठाला ओला चिखल होता की गवतापर्यंत पाणी, दरवाजांतून विसर्ग चालू होता का, एवढे पुरे. काही वर्षांनी कोणी या नोंदी अभ्यासायला घेतल्या, तर पक्ष्यांच्या आकड्यांइतकाच या ओळींचा उपयोग होईल.

नवखी_निरीक्षक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टेहळणी यांनी सांगितलेल्या खुणा ताडून आमची छायाचित्रे पुन्हा पाहिली; बहुतेक बदके रुंद चोचीची, म्हणजे थापट्या निघाली. आता दोन व्यावहारिक प्रश्न विचारते. घरात एक दुर्बीण आहे, ती दहा पट मोठे दाखवणारी असली तरी हातात स्थिर राहत नाही. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याच्यासाठी काय घ्यावे? आणि निघण्याआधी पाण्याची चौकशी नेमकी कोणाकडे करायची?

भीमाकाठ

मुलासाठी आठ पटीची, वजनाला हलकी दुर्बीण घ्यावी. मोठेपणा थोडा कमी असला तरी दृश्याचा आवाका मोठा मिळतो, हात कापला तरी चित्र फार हलत नाही आणि पक्षी चटकन सापडतो. लांबवरच्या बेटांसाठी कोणतीही दुर्बीण अपुरीच पडते. तेथे तिकाटण्यावरची टेलिस्कोप लागते. ती विकत घेण्याची घाई करू नये. स्थानिक मार्गदर्शकांकडे ती असते आणि त्यांना सोबत घेतले तर पैसेही गावात राहतात.

चांदोरीकर

पाण्याची चौकशी सोपी आहे. नाशिकच्या वर्तमानपत्रांत धरणांतला साठा आणि विसर्ग यांच्या बातम्या येतात. गंगापूर किंवा दारणा यांतून विसर्ग सुरू झाल्याचे वाचले, तर दोन-चार दिवस थांबावे. कालव्याला आवर्तन सुटल्याची बातमी असेल, तर वरून किती पाणी येते आणि कालव्यात किती जाते यावर बंधाऱ्याची पातळी ठरते, ते घरबसल्या कळत नाही. त्यासाठी अभयारण्याच्या प्रवेशद्वारावरील माणसाला किंवा मार्गदर्शकाला फोन करावा. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, तेव्हा मुलाला कानटोपी घालून आणावे. सकाळी धुके असेल तर ते विरेपर्यंत मनोऱ्यावर काही दिसणार नाही, म्हणून फार पहाटे येण्यात अर्थ नाही.

गोदातीर

चांदोरीकरांनी सांगितल्यावर मी फक्त एवढीच भर घालतो की फोनवर "पक्षी आहेत का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी "आहेत" असेच येते. "बेटे उघडी पडली आहेत का?" आणि "कडेला चिखल दिसतो का?" असे विचारावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर त्याच आठवड्यात निघावे. येत्या शनिवारी मी स्वतः चौकशी करणार आहे, ती झाली की येथेच कळवतो.